स्टाफ म्हणजे कोण रे भाऊ?

पावसाळा तोंडावर आला की एचआरचा मेल येतो. 'फ्लू व्हॅक्सिनेशन ड्राइव्ह, कॅफेटेरिया, तिसरा मजला, साडेअकरा ते चार.' आपण काय करतो? कॅलेंडरवर टाकतो, मीटिंग आली की विसरतो, आणि साडेतीनला कुणीतरी 'चल ना यार, फुकट आहे' म्हणून ओढत नेतं. पाच मिनिटांचं काम. दंडावर चिमुकली पट्टी, हातात ज्यूसचा टेट्रापॅक, खेळ खल्लास! ही लस आपल्यासाठी कुणी निवडली, यंदाच का निवडली, आणि खाली गेटवरच्या वॉचमनकाकांना तो मेल गेला का, असले प्रश्न विचारायला वेळ कुणाला आहे?

आता जरा उलटं बघा. जिथे सुई टोचणं हाच रोजचा धंदा, त्या हॉस्पिटलात काय होत असेल? डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय, मावशी या सगळ्या जनतेसाठी एखादी नवी लस घ्यायची की नाही, हे ठरवतं कोण?

या विषयातले माझे दोन एक्स्पर्ट आहेत. एक माझी मावसबहीण. नांदेडच्या एका खाजगी हॉस्पिटलात सिस्टर आहे, नाइट ड्यूट्या करून करून तिचं घड्याळ कायमचं उलटं झालंय. दुसरा माझा कॉलेजचा दोस्त, लातूरच्या एका हॉस्पिटलचा अ‍ॅडमिन. 'अ‍ॅडमिन' म्हणजे लिफ्टच्या मेंटेनन्सपासून कँटीनच्या पोह्यांपर्यंत सगळं त्याच्या गळ्यात. मध्ये एसटीचा लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता, आणि दोन्ही टोकांना आपापल्या शहराचा सॉलिड अभिमान. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर २००९ पासून ही दोन गावं एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघतात. आरोग्य खात्याच्या हिशोबात मात्र नांदेड जिल्हा लातूर मंडळात येतो. नांदेडकर हे चारचौघात सांगत नाहीत, एवढंच!

दोस्ताला विचारलं, "लसीचं ठरतं कसं रे?"

तो म्हणाला, "कमिटी असते ना. इन्फेक्शन कंट्रोल कमिटी. सायन्स दहा मिनिटांत संपतं. मग दोन तास माझं डोकं खातात."

दहा मिनिटांचं सायन्स म्हणजे काय, ते हेपॅटायटिस बीवरून छान कळतं. बी प्रकारची कावीळ रक्तातून पसरते. लस न घेतलेल्या माणसाला बाधित पेशंटवर वापरलेली सुई टोचली, तर लागण होण्याचा धोका पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर साधारण ६ ते ३० टक्के. एचआयव्हीचा हाच आकडा ०.३ टक्के आहे. घाबरतो आपण कशाला आणि धोका कुठे, बघा! वर हा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो. आणि लस? तीन डोस, पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. अमेरिकेत १९९१ मध्ये 'ओशा' या कामगार सुरक्षा खात्यानं नियमच केला की ज्याचा रक्ताशी संबंध येतो त्याला मालकानं ही लस कामावर घेतल्यापासून कामाच्या दहा दिवसांत, फुकट देऊ करायची. नको असेल तर त्यानं तसं सही करून द्यायचं. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांमधली बीची लागण १९८३ ते १९९५ या काळात ९५ टक्क्यांनी घटली. यावर कमिटीत वाद कोण घालणार? चहा येण्याआधी विषय मंजूर.

आपल्याकडे तेव्हा अडचण वेगळी होती. लस परदेशातून यायची आणि एकेका डोसला कित्येकशे रुपये पडायचे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं शान्व्हॅक-बी ही पहिली भारतीय बनावटीची रीकॉम्बिनंट लस आणली आणि भाव धडाधड खाली आले. नांदेडहून रात्री रेल्वेत बसलं की सकाळी जिथे उतरतो, त्या हैदराबादेत! आज या लसीचा एक डोस म्हणजे दोन प्लेट इडली आणि एक चहा यांच्या आसपासचा हिशोब.

मग दोन तास कसले?

"माणसं मोजायचे," दोस्त म्हणाला.

मला वाटलं गंमत करतोय. पण तो सीरियस होता. शंभरेक खाटांच्या हॉस्पिटलात 'स्टाफ किती' या प्रश्नाची चार उत्तरं असतात. पगारपत्रकावरचे वेगळे. व्हिजिटिंग डॉक्टर वेगळे, ते तीन हॉस्पिटलं फिरतात, त्यांची जबाबदारी कुणाची? नर्सिंग कॉलेजच्या शिकाऊ मुली वेगळ्या, त्या वॉर्डात सकाळपासून इंजेक्शनं देतात पण कागदोपत्री 'विद्यार्थिनी'. आणि सफाई, सिक्युरिटी, लाँड्री ही सगळी मंडळी कॉन्ट्रॅक्टरची. म्हणजे लस चांगली की वाईट हा प्रश्नच नाही. स्टाफ म्हणजे कोण, हा प्रश्न आहे.

आता ताईच्या हॉस्पिटलातली एक रात्र सांगतो. सफाईच्या मावशी लाल पिशवी उचलत होत्या. लाल पिशवीत सलाइनच्या नळ्या, ग्लोव्हज वगैरे प्लास्टिक जायचं असतं. सुया जातात पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. पण घाईत कुणीतरी सुई लाल पिशवीत टाकलेली. मावशींच्या अंगठ्यात घुसली. त्यांनी पदरानं रक्त पुसलं आणि पुढची पिशवी उचलली. ताईला दिसलं म्हणून, नाहीतर कुणाला कळलंही नसतं.

ताईनं साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरला, कॅज्युअल्टीत नेलं. सुई कुठल्या पेशंटची, पत्ता नाही. एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या लवकरात लवकर सुरू करायच्या असतात, शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत, आणि २८ दिवस घ्यायच्या. त्या सुरू झाल्या. मग डॉक्टरांनी विचारलं, हेपॅटायटिस बीची लस झालीय का? रजिस्टर काढलं. रजिस्टर एकदम चकाचक, प्रत्येक नावापुढे तीन टिकमार्क. फक्त मावशींचं नावच त्यात नव्हतं. त्या एजन्सीच्या ना!

लस झालेली नसेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. २४ तासांत दिलेलं उत्तम, सात दिवसांनंतर फारसा उपयोग नाही. ते मिळतं काही हजारांत. रात्री दोन वाजता आधी 'कुठल्या मेडिकलमध्ये आहे' ही फोनाफोनी झाली, मग 'बिल कुणाच्या नावावर फाडायचं' ही. एजन्सीचा सुपरवायझर फोन उचलेना. शेवटी ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं. पुढे सहा महिने मावशींच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. पण त्या सहा महिन्यांत त्या घरी नातवाला वेगळ्या ताटात वाढायच्या. याची गरज नाही, जेवणातून हा आजार पसरत नाही, असं ताईनं दहादा समजावलं. ऐकतील तर शपथ.

"आधी घेतली नाही का लस, असं मी त्यांना विचारलं," ताई सांगत होती. "त्या म्हणाल्या, मला कोण विचारायलंय बाई?"

कायदा मात्र 'कोण' हा प्रश्न कधीच सोडवून बसलाय. २८ मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत साफ लिहिलंय की हॉस्पिटलनं आपल्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना, आणि असा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही, हेपॅटायटिस बी आणि धनुर्वातासह संबंधित रोगांच्या लसी द्यायच्या. कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा तरी तपासणी करायची. 'इतरांनाही' हा शब्द कुणीतरी विचार करून घातलाय. त्यात एजन्सी येते, लाँड्रीवाला येतो, पिशवी उचलणारा प्रत्येक हात येतो. वर २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण आहे. आणि तरुण मुलामुलींना बाळपणीच मिळाली असेल, असं धरून चालू नका. बाळांसाठी ही लस सरकारी कार्यक्रमात २००२ मध्ये प्रायोगिक आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. आज विशी-पंचविशीत असलेल्या बऱ्याच सिस्टर त्या जाळीतून निसटलेल्या असू शकतात. (तुम्हीही. आईला फोन करून जुनं कार्ड शोधायला सांगा.)

सरकारी हॉस्पिटलात गणित आणखी निराळं. नांदेडचं विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज, लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, इथले डीन मनात आलं म्हणून उद्या एखादी नवी लस स्टाफसाठी मागवू शकत नाहीत. निर्णय वरून येतो, साठा वरून येतो. खरेदीची खुर्चीही फिरत राहिली. २०१७ पासून ती हाफकिनच्या खरेदी कक्षाकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. ज्या हाफकिनसाहेबांचं नाव आपण टेंडरच्या कागदांवर वाचत आलो, त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्यात प्लेगची नवी लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. कमिटी नाही, कोटेशन नाही. आज असं केलं तर ऑडिटवाले काय म्हणतील, विचार करा!

आता समजा लस आली, पैसे आले, तरी पुढचा पेच उरतो. घेणार कोण? इथे डॉक्टर-सिस्टर मंडळीही आपल्यासारखीच माणसं निघतात. २००९ मध्ये पुण्यातून स्वाइन फ्लूची दहशत पसरली. पुढच्या वर्षी केंद्र सरकारनं आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी १५ लाख डोस आयात केले. पण तोवर भीती ओसरलेली, लस परदेशी आणि नवीकोरी, साइड इफेक्टच्या अफवा. सुया तयार होत्या, दंड कमी पडले. २०१० च्या जुलैत पुण्याच्या सिरमनं नाकात फवारायची नासोव्हॅक आणली, तेव्हा निदान 'टोचणार नाही' हा प्लस पॉइंट होता.

फ्लूच्या बाबतीत माझी थोडी सहानुभूती कमिटीकडे आहे. विषाणू रंग बदलतो म्हणून लस दरवर्षी नवी. चांगल्या वर्षीही ती साधारण ४० ते ६० टक्केच संरक्षण देते. म्हणजे दरवर्षी पैसे काढायचे आणि दरवर्षी कुणीतरी म्हणणार, 'गेल्या साली घेतली, तरी सर्दी झालीच की!' दोस्ताच्या हॉस्पिटलात फ्लूची लस फक्त आयसीयू, डायलिसिस आणि लेबर रूमच्या स्टाफला देतात. अर्धवट वाटेल, पण मला पटतं. ज्यांच्या खोकल्यानं सगळ्यात नाजूक पेशंट आडवा होऊ शकतो, त्यांच्यापासून सुरुवात. फक्त त्या यादीत आयसीयूची फरशी पुसणारी मावशी आहे का, एवढंच मी विचारलं. तो हसला नाही. "टाकलंय नाव," म्हणाला.

आणि मग कोविड. १६ जानेवारी २०२१. राज्यात २८५ केंद्रं, आणि रांगेत सगळ्यात पुढे आरोग्य कर्मचारी. कुठली लस घ्यायची हे हॉस्पिटलनं ठरवायचंच नव्हतं, घेणाऱ्यानंही नाही. तुमच्या केंद्रावर जी येईल ती. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल तेव्हा यायचे होते, म्हणून ती घेताना वेगळ्या संमतिपत्रावर सही करावी लागायची. दिल्लीच्या राममनोहर लोहिया हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांनी त्याच दिवशी पत्र लिहून 'आम्हाला कोविशिल्ड द्या' अशी मागणी केली. इकडे को-विन अ‍ॅपनं असा काही लोच्या केला की महाराष्ट्राला दोन दिवस मोहीमच थांबवावी लागली.

पण त्या गोंधळात एक गोष्ट झकास झाली होती. यादी! केंद्राच्या त्या यादीत 'आरोग्य कर्मचारी' म्हणजे डॉक्टर आणि नर्स एवढंच नव्हतं. शिकाऊ विद्यार्थी, ड्रायव्हर, सिक्युरिटी, सफाई कामगार, क्लार्क, सगळे होते. पगार कुणाचा, हे न विचारता हॉस्पिटलांनी नावं भरली. ताई सांगते, मावशींच्या मोबाइलवर मेसेज आला तेव्हा त्यांनी तो तिला तीनदा वाचायला लावला. "नाव बरोबर हाय का बघा," म्हणून. आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं.

मी दोस्ताला हेच म्हटलं, तेव्हा जमलं तर आता का नाही? त्याचं म्हणणं, तेव्हा फुकट होती आणि वरून ऑर्डर होती. आता प्रत्येक डोसला कुणाच्या तरी बजेटचं हेड लागतं. शिवाय कोविडसारखी जबरदस्तीची हवाही आता नाही. २ मे २०२२ रोजी सुप्रीम कोर्टानं जेकब पुलियल खटल्यात स्पष्ट केलंच, कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही. मग हॉस्पिटलच्या हातात उरतं समजावणं आणि 'नको असेल तर इथे सही करा' हा कागद. तो कागद दोस्तानं मराठीत करून घेतलाय, इंग्रजीत असताना लोक न वाचताच 'नको'वर सही करायचे. मराठीत आल्यावर प्रश्न विचारायला लागले. आणखी एक युक्ती म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर आधी घ्यायची. आणि अख्ख्या आयसीयूला एकाच दिवशी टोचायचं नाही, दुसऱ्या दिवशी चार जणांना कणकण आली की ड्यूटी चार्टचे बारा वाजतात. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची, आणि हेपॅटायटिस बीची लस गोठली तर बाद. नांदेड-लातूरच्या मे महिन्यात सगळ्यांना उन्हाचीच काळजी. पण साध्या फ्रीजच्या बर्फाला टेकून बसलेली बाटलीही गुपचूप वाया जाते.

सगळ्यात जाम त्रास तिसऱ्या डोसचा. पहिल्या डोसला सगळे येतात, फोटो निघतो, फेसबुकवर जातो. दुसऱ्याला बरेच येतात. सहाव्या महिन्यात? सिस्टर दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेली, वॉर्डबॉय पुण्याला, शिकाऊ मुली परीक्षेला. अमेरिकेत २०१७ मध्ये एका महिन्याच्या अंतरानं दोन डोसांत संपणारी हेपॅटायटिस बीची नवी लस मंजूर झाली. 'नवी लस घ्यायची का' या प्रश्नाचा खरा फंडा तिथे आहे. ती जास्त हुशार आहे म्हणून नव्हे, माणूस नोकरी सोडण्याआधी ती पूर्ण होते म्हणून. आणि कोर्स पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण खरंच तयार झालं का बघायचं असतं, आकडा १० च्या वर हवा. ही तपासणी डोसपेक्षा महाग, म्हणून ती बजेटमध्ये पहिली उडते. ताईची झालीय. मावशींची? आता झालीय. ताईनं मागे लागून करून घेतली.

लातूरला या वर्षी एजन्सीच्या लोकांचीही नावं एकाच एक्सेल शीटमध्ये आली. फेब्रुवारीत पहिला डोस, मार्चमध्ये दुसरा. मार्चएंडला कॉन्ट्रॅक्ट बदललं. एजन्सी नवी, युनिफॉर्म निळ्याचा हिरवा झाला, आतली माणसं बरीचशी तीच. नव्या एजन्सीवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, हा तिसऱ्या डोसचा खर्च जुन्याचा की माझा? दोस्त म्हणाला, हॉस्पिटलचा. साहेबांची सही त्यानं नंतर घेतली. पुढच्या टेंडरमध्ये त्यानं एक ओळ घुसवलीय, कामगार बदलला तरी लसीचं कार्ड त्याच्यासोबत जाईल, एजन्सीसोबत नाही.

तिसरा डोस ऑगस्टच्या शेवटी येतो. तारीख सांगायला तो खाली गेला, तर दोन-तीन मावशी म्हणाल्या, पोळ्याला आम्ही गावी जाणार, आधीच देऊन टाका. आधी द्यायला तो तयार नव्हता. थोडा उशीर झाला तर मात्र चालतो, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. त्यानं तिथेच मोबाइलवर शीट उघडली आणि त्या नावांपुढे टाइप केलं, 'पोळ्यानंतरचा पहिला सोमवार, सकाळची शिफ्ट.'